“मी कमी पडलो काय गं, मम्मी?”

ताईंना सप्रेम जय ख्रिस्त.

आम्ही कोल्हापूरचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. सासरे चर्चच्या मंडळीत वडील (एल्डर) म्हणून सेवा करतात. गेल्या पावसाळ्यात माझे धाकटे दीर लिव्हरच्या आजारानं गेले. सगळ्या घरानं उपास-प्रार्थना केल्या, आणि माझ्या अकरावीतल्या मुलीनं सगळ्यांत जास्त. तिला सायकल शिकवली ती काकांनी, क्लासला सोडायला जायचे तेही काकाच. ते गेल्यावर तिनं संडे स्कूलमध्ये विचारलं, देवानं ऐकलं का नाही? उत्तर मिळालं, “कुठंतरी आपलाच विश्वास कमी पडतो.” त्या रविवारपासून ती चर्चला येत नाही. रात्री मला म्हणाली, “मम्मी, मी कमी पडलो काय गं?” मला काही बोलताच आलं नाही. सासरे म्हणतात, देवाला प्रश्न विचारणं हे परूश्यांचं, येशूला अडवणाऱ्या त्या धर्मपंडितांचं काम, तुम्हीच लाडावून ठेवलंय. मागच्या आठवड्यात तिच्या फिजिक्सच्या वहीची मागची पानं मी तिच्या नकळत वाचली. नुसते प्रश्नच. एक तर इतका दाबून लिहिलेला, की पुढच्या पानावर वळ उठलेत: “येशूला सगळं माहीत असतं, मग तो सारखा लोकांना प्रश्न का विचारतो?”

तिला ओढून चर्चला नेऊ का? वही वाचल्याचं सांगू का? आणि उत्तर काय देऊ? मलाही झोप लागत नाही.

— एक आई, कोल्हापूर

प्रिय बहिणी,

तुमच्या तीन प्रश्नांआधी तिचा एक प्रश्न आहे, आणि तो त्या रात्रीपासून ताटकळत उभा आहे. आज ती क्लासहून घरी आली की जवळ घेऊन सांगा, “नाही बाळा, तू कमी पडली नाहीस.” बायबलमधलं योग्य वचन सापडेपर्यंत थांबू नका. तुम्हाला बोलता आलं नाही ते दुःखानं, हे मला पत्रावरून कळतं. पण सोळा वर्षांच्या पोरीला आईच्या गप्प राहण्यातून “हो” असंच ऐकू येतं.

संडे स्कूलमध्ये तिला जे सांगितलं ते चूक आहे. आडपडदा न ठेवता म्हणते, कारण हे वाक्य आपल्याकडं आजारी माणसाच्या उशाशी आणि मातीहून परत येतानासुद्धा सहज बोललं जातं. विश्वास पुरेसा असला की मागितलेलं मिळतंच, असं असेल तर गेथशेमाने बागेचं काय करायचं? अटकेच्या रात्री येशू तिथं जमिनीवर पडून म्हणाला, हा प्याला माझ्यापासून दूर कर. एकदा नाही, पुन्हा पुन्हा जाऊन तीच प्रार्थना केली. प्याला टळला नाही. तिथं कुणाचा विश्वास कमी पडला? आणि दुसऱ्या दिवशी क्रूसावरून त्यानंच विचारलं, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?” त्याला आकाशातून उत्तर आल्याचं शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, मार्क लिहीत नाही, मत्तयही लिहीत नाही. तुमच्या मुलीनं जे विचारलं ते आपल्या प्रभूनं विचारून झालेलं आहे. मग ती वाईट वाटेला लागली असं कसं म्हणायचं?

कुणी म्हणेल, येशू “अल्पविश्वासी” म्हणालाच होता की. म्हणाला होता, पण आपल्या शिष्यांना. ज्यांच्या घरात मयत झालं त्यांना “तुमच्यात खोट होती म्हणून माणूस गेलं” असं तो कधी म्हणाला नाही. जन्मापासून आंधळ्या माणसाकडं बोट दाखवून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूनं दोन्ही नाकारलं. आणि झटके येणाऱ्या मुलाचा तो बाप आठवा. येशू त्याला विचारतो, “हे किती दिवसांपासून होतंय?” लहानपणापासून, म्हणून तो सगळं सांगत सुटतो, आणि शेवटी ओरडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा! अर्धामुर्धा विश्वास, तोही चारचौघांत कबूल केलेला. तरी पोरगं बरं झालं.

आपल्या शेजारी मिरजेत कॅनडातून आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचा दवाखाना सुरू केला. प्रार्थनेवर त्यांची श्रद्धा होतीच, तरी रोग्याला औषध लागतं, ऑपरेशन लागतं, हे धरूनच त्यांनी तो उभा केला. लिव्हर निकामी होणं हा आजार आहे. तो तुमच्या मुलीच्या उपासाचा निकाल नव्हे, हे तिला याच शब्दांत सांगा.

आता वहीतला तो प्रश्न. मला तो वाचून फार आनंद झाला. शुभवर्तमान मन लावून वाचल्याशिवाय असा प्रश्न पडतच नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचं पहिलं वाक्यच “तुम्ही काय शोधता?” असं आहे. लूकमध्ये बारा वर्षांचा असताना तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकतोय आणि विचारतोय. आई तीन दिवस शोधून दमून आली, “बाळा, असा का वागलास?” म्हणाली, तर तिलाही त्यानं प्रश्नच केला.

मला मात्र बार्तीमयापाशी थांबावंसं वाटतं. यरीहोबाहेर रस्त्याच्या कडेला बसलेला आंधळा भिकारी. तो हाका मारतोय आणि लोक त्याला दटावताहेत, गप्प बस म्हणून. येशू थांबतो, त्याला बोलावतो. तो अंगावरचं वस्त्र टाकून उठतो आणि येतो. त्याला काय हवंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तरी येशू विचारतो, “मी तुझ्यासाठी काय करावं, अशी तुझी इच्छा आहे?” येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याच्यापुढं नाणी टाकली असतील, पण तुला काय पाहिजे असं विचारून उत्तरासाठी उभं कोण राहिलं असेल? माहिती काढायला येशू विचारत नव्हता. समोरच्याला आपलं मागणं आपल्या तोंडानं मांडायची जागा देत होता. तुमच्या मुलीला हे माझं उत्तर सांगा हवं तर, पण “ताई म्हणतात तेच खरं” असं करू नका. तिचं उत्तर वेगळं निघालं तर ते ऐका.

वही वाचल्याचं आजच सांगा. “मी न विचारता वाचली, ते बरोबर नव्हतं. पण तुझे प्रश्न मला आवडले.” चिडेल, चिडू दे. मग पुढच्या आठवड्यात कधीतरी विचारा, आपण दोघी मिळून मार्क वाचूया का? सोळाच अध्याय आहेत. पेन्सिल घेऊन येशूनं विचारलेल्या आणि लोकांनी त्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली रेघ मारायची. उत्तरं पाठ करून घ्यायची नाहीत. वादळात होडीत झोपलेल्या येशूला शिष्य हलवून उठवतात, “आम्ही बुडतोय, तुम्हाला काळजी नाही का?” तिथं ती थांबेल, असं मला वाटतं. तेव्हा तुम्हीही थांबा.

मार्कच्या बाहेरही तिला एक गोष्ट दाखवा, बेथानीच्या बहिणींची. लाजर आजारी आहे असा निरोप जाऊनही येशू दोन दिवस होता तिथंच राहिला. मार्था आणि मरीया दोघींनी वेगवेगळं भेटून एकच तक्रार केली, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. येशू रागावला नाही त्यांच्यावर. त्याला कुठं ठेवलंय, एवढं विचारलं आणि रडला. हो, लाजर मरणातून उठला आणि तुमचे भाऊजी उठले नाहीत. हा फरक तिला तुमच्याआधी दिसेल. तो झाकायला जाऊ नका. असं का, याचं उत्तर शुभवर्तमान देत नाही, हे आईच्या तोंडून ऐकलेलं चालेल तिला.

चर्चला ओढून नेऊ नका. फिलिप्पाच्या कैसरियाच्या वाटेवर येशूनं आधी विचारलं, लोक मला कोण म्हणतात? आणि मग, पण तुम्ही मला कोण म्हणता? चार पिढ्यांचं उत्तर पहिल्या प्रश्नाला पुरतं. तुमची मुलगी दुसऱ्या प्रश्नापाशी आली आहे, तिथं ढकलून काही होत नाही. रविवारी सकाळी एकदा विचारा, “येतेस?” नाही म्हणाली तर तोंड वाकडं न करता निघा. मात्र ती जेवत नसेल, मैत्रिणी तुटल्या असतील, जगण्यात राम नाही असं काही बोलत असेल, तर वाट बघू नका. डॉक्टरांकडं न्या, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. त्यात विश्वासाला कुठलाही कमीपणा नाही.

आणि तुमचे सासरे. पत्रात ते फक्त बोल लावायला येतात. पण बहिणी, गेला तो त्यांचा मुलगा आहे. मंडळीतल्या किती घरांत मयताजवळ उभं राहून त्यांनी धीराची प्रार्थना केली असेल. आता स्वतःचं पोर गेलंय आणि नातीचा प्रश्न ऐकून त्यांच्याच आतलं काहीतरी हलत असणार. प्रश्न बंद करा म्हणणाऱ्या माणसाला पुष्कळदा आपलाच प्रश्न झेपत नसतो. परूश्यांचं म्हणाल, तर कैसराला कर द्यावा की नाही हे त्यांनी पकडायलाच विचारलं होतं. पण निकदेमही परूशीच होता. रात्री आला, म्हातारा माणूस पुन्हा जन्म कसा घेईल म्हणून मोकळेपणानं विचारलं, आणि शिष्य पांगले तेव्हा येशूला पुरायला गंधरस घेऊन हाच हजर होता. हे बाबांना वाद जिंकायला ऐकवू नका. सकाळी चहा देताना शेजारी बसा आणि विचारा, “बाबा, भाऊजींची आठवण तुम्हाला कधी जास्त येते?” आणि मग मध्ये बोलू नका. लगेच उत्तर येणार नाही कदाचित. चहा निवला तरी बसून राहा.

“मलाही झोप लागत नाही” हे तुम्ही शेवटी अर्ध्या ओळीत उरकलंत. दिराचं पथ्यपाणी तुम्हीच केलं असेल, अशी माझी समजूत आहे. थडग्याजवळ उभ्या असलेल्या मग्दालीया मरीयेला उठलेल्या येशूनं विचारलं, “बाई, का रडतेस? कुणाला शोधतेस?” तुम्हाला हे विचारणारं घरात कुणी आहे का? नसेल तर आज रात्री तुमच्या मिस्टरांपाशी तुम्ही सुरुवात करा. त्यांचा भाऊ गेलाय, आणि तुमच्या एवढ्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही.

राहिले संडे स्कूलचे शिक्षक. तुम्ही दोघं मिळून पाळकसाहेबांना भेटा आणि त्यांच्यासमोरच त्या शिक्षकांशी बोला. त्यांना लाजवू नका, त्यांनाही कुणीतरी हेच शिकवलेलं असणार. एवढंच मागा, की त्यांनी तुमच्या मुलीला भेटून “मी ते बोललो ते बरोबर नव्हतं” असं स्वतः सांगावं. त्यांना घरी बोलवायच्या आधी मात्र तिला विचारा, तिची भेटायची तयारी आहे का.

तुमची,
ताई