केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेतून शिक्षकांच्या पदरात खरंच काही पडावं यासाठी काय करता येईल? (सुरगाणा, नाशिक)

केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांच्या या परिषदेला एकच विषय ठेवा, त्यावर यजमान शाळेतल्या मुलांसोबत प्रत्यक्ष पाठ घ्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच विषयापासून सुरुवात करा. मी शेजारच्या पेठ तालुक्यात केंद्रप्रमुख होतो. नुसतं व्याख्यान ऐकून कुणाची शिकवण्याची पद्धत बदललेली मी पाहिली नाही. ती बदलते ती वर्गात करून बघितल्यावर, आणि अडलं तिथे सहकाऱ्याशी बोलल्यावर.

समजा विषय हातच्याची वजाबाकी. प्रत्येकाने आपल्या मुलांच्या वह्या आणायच्या आणि चुका वेगळ्या काढायच्या. ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिणारं मूल निष्काळजी नसतं. ते एकक, दशक अशा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढत असतं. हे एकदा दिसलं की दशकाचा गठ्ठा सोडून काड्या सुट्या करणं का हवं, ते वेगळं सांगावं लागत नाही. आपल्याकडे घरी कोकणा बोलणारी मुलं असतात, म्हणून 'हातचा' हा शब्द त्यांना कळतो का, हेही तिथेच तपासा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. त्यातले काही तास असे वापरले जावेत, असं मला मनापासून वाटतं.

मात्र द्विशिक्षकी शाळेतून दोघांना एकदम बोलावू नका, शाळा बंद पडते. आलटूनपालटून बोलवा आणि आलेल्याने परत जाऊन सहकाऱ्याला पाठ करून दाखवावा.