तुर्की शिकताना ‘फॉर्च्यून’चं काय करायचं?

सुरुवात छान केली आहेस. फक्त इंग्रजी ‘फॉर्च्यून’साठी तुर्कीत एकच शब्द शोधू नकोस. आधी दोनच पक्के कर:

- नशीब: ‘शान्स’
- मोठी संपत्ती: ‘सेर्वेत’

परीक्षेला निघालेल्याला ‘ईयी शान्सलार’ म्हणायचं. तिथे ‘सेर्वेत’ चालतच नाही.

आपली मराठी माणसं हमखास अडखळतात ती ‘देवलेत’पाशी. मूळ अरबी, आपल्या ‘दौलत’चाच भाऊबंद, पण आजच्या तुर्कीत त्याचा अर्थ राज्यसंस्था, सरकार. पैशाबद्दल बोलताना तो अजिबात नको. ‘कस्मेत’ मात्र किस्मतीच्या जवळचा. लग्न जुळण्याबद्दल किंवा ‘योग असेल तर होईल’ म्हणताना तो सर्रास ऐकू येतो. कॉफीच्या कपात पाहतात ते भविष्य म्हणजे ‘फाल’.

नशिबासाठीचेच ‘तालिह’, ‘बाह्त’ हे शब्द पुढे वाचनात भेटतील. आत्ता पाठ करत बसू नकोस.