‘आण्णा रानात गेलेत’ असं किती रविवार सांगायचं?

मावशी, नमस्कार.

मी औसा तालुक्यातली. माझा धाकटा भाऊ, आम्ही त्याला बारक्या म्हणतो, अग्निवीर भरतीत लागला आणि मे लागताच बेळगावला मराठा सेंटरला, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग सेंटरला, गेला. आमच्या भावकीतून फौजेत गेलेला तो पहिलाच. तो गेला आणि आठवड्याच्या आत सात तारखेची ती ऑपरेशन सिंदूरची, पाकिस्तानवर हल्ला केल्याची बातमी आली. सेंटरात पोरांचे फोन जमा करून घेतलेले. दोन आठवडे त्याचा आवाज नाही. माय दिवसभर टीव्हीसमोर, जेवायची नाही. मेच्या शेवटी आण्णांच्या छातीत दुखलं. लातूरला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. आता घरी आहेत, अंगणात हिंडतेत-फिरतेत. पण मायनं मला तुळजाभवानीची आण घातली, बारक्याला कळू द्यायचं नाही. त्याचं मन लागायचं नाही, ट्रेनिंग सोडून येईल म्हणते. आण्णा बोलताना रडतील म्हणून फोनसुद्धा त्यांच्या हातात देत नाही. रविवारी पाच-दहा मिनिटं त्याचा फोन येतो. दर वेळेस विचारतो, आण्णा कुठंयत? आम्ही म्हणतो, रानात गेलेत, पेरणी चालू आहे. मागच्या रविवारी माय चुलीकडं गेली तेव्हा तो मला हळूच म्हणला, अक्का, नडगी लई दुखतीय, पळताना जीव जातोय, पण मायला सांगू नको. मी इथंबी कुणाला सांगितलं नाही, मागं टाकतेत. मावशी, दोघांचंबी माझ्याच पोटात. रात्री झोप लागत नाही. काय करू?

— एक बहीण

पोरी,

बारक्याला कळलं पाहिजे. येत्या रविवारीच. आणि ते तू सांगू नकोस, आण्णांना स्वतःच्या तोंडानं सांगू दे.

तुझ्या मायची मला फार कणव येते. लेकरू घराबाहेर पडून आठवडा झाला नाही तोच देशात युद्धासारखी परिस्थिती, फोन बंद, आणि त्याच महिन्यात नवरा दवाखान्यात. तिच्या हातात त्या वेळी एकच गोष्ट होती, लेकरापासून वाईट बातमी लांब ठेवणं. ती तिनं केली. आण्णा दवाखान्यात असताना न सांगणं मला चुकीचंही वाटत नाही. सुरुवातीचे आठवडे रंगरूटासाठी सगळ्यात कठीण. पहाटेपासून रात्रीपर्यंत ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादांचा आवाज, नवी माणसं, नवं जेवण. त्यात बाप आयसीयूत आहे हे कळून तो काय करणार होता? पण आता आण्णा घरी आहेत. आता लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही, उरलंय ते फक्त खोटं.

आणि हे खोटं टिकणारही नाही. शेतकऱ्याचा पोरगा आहे तो. सोयाबीनची पेरणी किती दिवस चालते, पाऊस उघडीप देईना तेव्हा तिफण रानात जात नाही, हे त्याला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं. दर रविवारी नेमका त्याच वेळेला बाप रानात कसा, हा प्रश्न त्याला पडला नसेल असं मला वाटत नाही. तो दर वेळेस विचारतोय यावरूनच ओळख. शिवाय त्याच्या बॅचमध्ये लातूर-धाराशिवकडची आणखी पोरं असणार. त्यांच्यातल्या कुणाला तरी घरून कळेल, आणि एखाद्या संध्याकाळी बाजूच्या खाटेवरचा पोरगा विचारेल, ‘तुझ्या वडिलांचं ऐकलं, आता कसं आहे?’ त्या रात्री बारक्याच्या मनात काय काय येईल याचा विचार कर. दुखणं किती मोठं, हे त्याला कळायचं नाही. घरचे लपवतायत म्हणजे मोठंच असणार, एवढंच कळेल.

मला सगळ्यात जास्त भीती पुढची वाटते. सात ते दहा मे २०२५, ते चार दिवस आठव. टीव्हीवर रात्रभर काय काय चाललं होतं! कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं ओरडून सांगितलं, आणि ते खोटं निघालं. लष्कराच्या हालचाली थेट दाखवू नका, असं सरकारनं २६ एप्रिललाच वाहिन्यांना बजावलं होतं. म्हणजे जे खरं घडत होतं ते दाखवायचं नव्हतं आणि जे दाखवत होते त्यातलं कितीतरी घडलंच नव्हतं. तुझी माय ते बघत उपाशी बसली. अशा वेळी घराला आधार एकाच गोष्टीचा असतो. त्याचा निरोप आला आणि तो म्हणाला ‘मी ठीक आहे’, तर तो खरंच ठीक आहे. त्यालाही तसंच. सेंटर सुटल्यावर तो युनिटला जाईल. पत्त्यात ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) लिहिलेलं असेल, गावाचं नाव नसेल. कुठं आहेस, हे विचारायचंही नसतं. कधी महिनाभर फोन लागणार नाही. तेव्हा तुमच्या दोन वाक्यांच्या निरोपावर त्याचा विश्वास बसला पाहिजे. आज ‘आण्णा रानात’ म्हणाल, तर उद्या आण्णा खरंच रानात असले तरी तो रात्र जागून काढेल.

आता आणेचं. देवीची आण तू मोडावीस असं मी सांगणार नाही, तुला ते आयुष्यभर टोचेल. ज्यांनी घातली त्यांच्याकडूनच ती सोडवून घे. पण आधी आण्णांपाशी बस. त्यांना विचार, बारक्याशी बोलावंसं वाटतं का. मला खात्री आहे, त्या माणसाला पोराचा आवाज ऐकायचाय आणि घरात कुणी त्याला विचारलेलं नाही. मग दोघं मिळून मायपाशी बसा. तिला म्हण, ‘माय, तू त्याला जपलंस, ते बरोबरच केलंस. आता आण्णांनाच बोलू दे.’ ती चिडेल, रडेल. रडू दे. मे महिन्यापासून तिनं कुणासमोर रडून घेतलं असेल असं वाटत नाही. ती तयार झाली की तिलाच आण सोडवायला सांग.

रविवारी फोन आला की पहिलं वाक्य तू बोल, आणि ते असं असू दे: ‘आण्णा माझ्या शेजारी बसलेत, बरे आहेत, तुझ्याशी बोलायचंय.’ बरे आहेत हे आधी, काय झालं होतं ते नंतर. पाच मिनिटांत फोन कट झाला तरी त्याच्या कानात पहिलं वाक्य राहिलं पाहिजे. मग आण्णांनी तारखेसकट सांगावं: अमुक दिवशी दुखलं, लातूरला नेलं, एक स्टेंट बसवला, आता अंगणात फिरतो, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला कधी बोलावलंय तेही. आण्णांचा गळा भरून आला तर येऊ दे. बाप रडला म्हणून पोरगं ट्रेनिंग सोडत नाही. ‘का लपवलंत’ म्हणून तो रागावला, तर कारणं देत बसू नका. ‘तुझी काळजी होती, यापुढं लपवणार नाही’ एवढं म्हणा, आणि पाळा.

तो म्हणेल, पैसे पाठवतो. पहिल्या वर्षी अग्निवीराचा पगार महिन्याला ३०,००० रुपये, त्यातले २१,००० हातात येतात. त्याला नको म्हणू नका. सगळे घेऊ नका, पण आण्णांच्या गोळ्यांपुरते दर महिन्याला त्याच्याकडून घ्या. लांब असलेल्या मुलाला बापासाठी काहीतरी करू देणं हाही त्याच्यावर विश्वासच आहे. आणि त्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत, बरं वाटतंय म्हणून तर मुळीच नाही.

त्याच्या नडगीचं मात्र मला जास्त तातडीचं वाटतं. नव्या रंगरूटांमध्ये हे दुखणं नेहमीचं आहे. एकदम एवढं पळणं, बूट, कवायत. हाडाला बारीक चीर जाऊ शकते, सुरुवातीला ती एक्स-रेतही दिसत नाही कधी कधी. त्याच पायावर पळत राहिलं तर ती चीर वाढून हाड मोडूही शकतं. मागं टाकतात हे खरं. विश्रांतीवर राहिलेल्या पोराला पुढच्या बॅचबरोबर उरलेलं ट्रेनिंग करावं लागतं, आणि सोबतचे पुढं जाताना बघणं त्या वयात जिव्हारी लागतं. पण मागच्या बॅचमधून निघालेला जवानही जवानच असतो. मोडलेला पाय घेऊन कायमचा परत आलेला पोरगा कुठं जाणार? त्याला सांग, उद्या सकाळी उस्तादांना सांगून एमआय रूमला, म्हणजे सेंटरच्या तपासणीच्या दवाखान्यात, जा, डॉक्टरसाहेबांना नडगी दाखव. आणि हेही आधीच सांगून ठेव: पुढच्या रविवारपर्यंत गेला नाहीस तर मी आण्णांना सांगणार. चोरून नाही, तुला सांगून सांगणार. त्यानं हे तुझ्याच कानात घातलं, कारण कुणीतरी आपल्याला ढकलावं असं त्यालाच वाटतंय. मोठी बहीण आहेस, ढकल.

मायसाठी दोन गोष्टी. एक तर तिला हे नीट समजावून सांग, की कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची परेड, होऊन युनिट मिळेपर्यंत रंगरूटाला लढाईवर पाठवत नाहीत. अग्निवीरांचं हे ट्रेनिंग साधारण ३१ आठवड्यांचं, म्हणजे डिसेंबरच्या सुमारापर्यंत तो बेळगावातच. तिला बहुधा हे कुणी सांगितलेलंच नाही. साताऱ्याकडं अपशिंगे नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. लोक त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. तिथं एखाद्या आईचा जीव खालीवर झाला तर शेजारची म्हातारी तिला सांगते, दोन आठवडे फोन नाही म्हणजे काय असतं आणि काय नसतं. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत जाण्याची तशी रीत आपल्याकडं कमीच. आता गावोगावची पोरं पहाटे चारला रस्त्यावर पळतात, भरती होतात, पण घरच्यांना पुढचं सांगणारं शेजारी कुणी नसतं. म्हणून तू ते माणूस शोध. औशात निवृत्त सैनिकांची घरं नक्की सापडतील. नाहीच तर लातूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं जाऊन चौकशी कर. एखाद्या फौजीच्या बायकोला घरी चहाला बोलाव आणि मायशी तासभर बोलू दे. मी इथून लिहिलेल्या सगळ्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. आणि टीव्ही संध्याकाळी अर्धा तास, बास.

दुसरं, पत्र लिहा. खरंच, कागदावर. अडीच रुपयांचं आंतर्देशीय पोस्टात मिळतं. फोनवर पाच मिनिटं ‘जेवलास का, बरा आहेस का’ यातच जातात. पत्र तो पुन्हा पुन्हा वाचेल, रात्री उशाखाली ठेवेल. त्यात उपदेश लिहू नका, ‘काळजी घे’ तर चार वेळा लिहू नका. सोयाबीन किती इंच वर आलंय, पाऊस कुठं पडला आणि कुठं हुकला, म्हैस व्यायली का, कोणाचं लग्न जमलं, भावकीत कोण कोणाशी बोलेना झालंय, हे लिहा. माय लिहीत नसेल तर तिनं सांगावं, तू जसंच्या तसं उतरवून घे, तिच्या शब्दांत, भाषा सुधारू नकोस. खाली आण्णांची सही. त्याचा आर्मी नंबर, कंपनी आणि प्लाटून विचारून घे, पत्त्यावर ते लागतं. कंपनी ऑफिसचा नंबर मिळाला तर एका वहीत लिहून ठेव. घरी खरोखरच निकड आली, तर रविवारची वाट न बघता तिथं कळवता येतं.

चुलत-मावस भावांनाही एकदा बजाव, बारक्याचा वर्दीतला फोटो कंपनीच्या, सेंटरच्या नावासकट स्टेटसला टाकत सुटू नका म्हणावं. अभिमान सगळ्यांनाच आहे, पण ही माहिती गावभर करायची नसते. युनिटला गेल्यावर तर अजिबातच नाही.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, तो घरी असेल की नाही हे आज कुणीच सांगू शकणार नाही, त्याला तसं कबूल करायलाही लावू नका. पण कसम परेडला आई-बापांना बोलावतात, बऱ्याच सेंटरांत त्यांना गौरव पदकही देतात. पुढच्या तपासणीला लातूरला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारून ठेव, आण्णांना डिसेंबरात बेळगावपर्यंतचा प्रवास झेपेल का, आणि झेपण्यासाठी आत्तापासून रोज किती चालायला हवं.

— मावशी