उजनीवर शिडाच्या होड्या: आधी काठ बघा, मग पाहुणे बोलवा

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापूरला बदली झाली, सोबत जुनी एंटरप्राइज जातीची शिडाची होडी आणली, आणि आता पुण्या-हैदराबादच्या ओळखीच्या होडीवाल्यांना एखाद्या शनिवार-रविवारी उजनी धरणावर बोलवायचा विचार आहे. हे जमेल का, आणि काय काय बघावं लागेल?

जमेल. मी सोलापूरचाच, डिंगी म्हणजे शिडाची छोटी होडी चालवतो, हैदराबादला हुसेनसागरवर आणि मुंबईत बंदरातही शीड धरलंय. पाण्याची आणि वाऱ्याची काळजी लोक उगाच जास्त करतात. आपल्याकडे मेळावा बसतो किंवा फसतो तो काठावर. म्हणून तुम्ही विचारलेल्या क्रमाने उत्तर न देता काठापासून सुरुवात करतो.

उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला साधारण साडेत्रेसष्ट टीएमसी तळाचा मृतसाठा, आणि त्यावरचा साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त. पेपरात रोज जी टक्केवारी छापून येते ती या वरच्या भागाची. म्हणूनच आपल्याकडे 'धरण मायनसमध्ये गेलं' असं म्हणतात आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. शेतकऱ्याला ही टक्केवारी म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी मिळणार की नाही याचं उत्तर. होडीवाल्यासाठी तिचा अर्थ वेगळा: काठ कुठे असेल. हे धरण उथळ आणि पसरट आहे. पाणी थोडं उतरलं तरी काठ लांबवर मागे सरकतो आणि मधे उरतो तो काळा गाळ. वरून वाळलेला, तडे गेलेला दिसतो. ट्रेलर घातला की चाक आसापर्यंत आत. मग ट्रॅक्टर शोधा, दोर शोधा, आणि पाहुण्यांचा शनिवार तिथेच संपतो.

त्यामुळे फेब्रुवारीनंतरची तारीख धरू नका. पाणी भरतं ते पावसाळ्याच्या उत्तरार्धात, बरंचसं पुण्याकडच्या धरणांतून सोडलेल्या विसर्गावर. ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं, पण परतीचा पाऊस कधी कोसळेल याचा नेम नाही. माझ्या मते डिसेंबर आणि जानेवारी सगळ्यात बरे. फक्त संक्रांतीचा आठवडा सोडा. सिद्धेश्वरांचा गड्डा चालू असतो, सोलापुरात पाहुण्यांना खोली मिळणार नाही आणि तुमचे निम्मे मदतनीस नंदीध्वजांच्या मिरवणुकीत असतील.

आता काठ कुठला? धरणाची भिंत भीमानगरला, टेंभुर्णीच्या पुढे. सोलापूरहून पुणे महामार्गाने दोनएक तास धरा. भिंतीजवळ अजिबात जायचं नाही. तो भाग बंदीचा आहे आणि तसंही तिथे काही मजा नाही. पाणी वर दौंडच्या दिशेनं पसरलंय. एका बाजूला पुणे जिल्ह्यातलं इंदापूर, दुसऱ्या बाजूला आपलं करमाळा. करमाळ्याच्या बाजूला वांगी, ढोकरी, कुगाव, चिखलठाण, केत्तूर अशी गावं आहेत. भिगवणकडचा भाग मात्र सोडून द्या. तिथे हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, पक्षी बघायला येणाऱ्यांच्या नावा दिवसभर चालतात, आणि त्यात शिडं फडफडवत आपण घुसणं मला तरी बरं वाटत नाही. शिवाय उथळ पाण्यात तुमचं सेंटरबोर्ड, म्हणजे होडीखाली पाण्यात उतरणारी फळी, टेकणारच.

काठ निवडायला स्वतः जा, नकाशावर भरवसा ठेवू नका. मी तीन गोष्टी बघतो. पहिली, मुरमाड किंवा खडकाळ उतार. गावात विचारलं तर 'जुना रस्ता पाण्यात जातो तिथे जावा' असं कुणीतरी सांगतंच, आणि तो जुना बुडीत रस्ता म्हणजे फुकटात मिळालेला उतार. दुसरी, पाणी उपसायच्या मोटारी. काठाला ओळीनं मोटारी, पाइप आणि पाण्यापर्यंत गेलेल्या केबली असतात. हे ऊस आणि केळीचं जग आहे, त्या मोटारींवर घरं चालतात. तिसरी, आणि याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही: डोक्यावरच्या विजेच्या तारा. याच मोटारींसाठी त्या काठापर्यंत ओढलेल्या असतात आणि ठिकठिकाणी लोंबतात. एंटरप्राइजची शिडाची काठी सहाएक मीटर उंच, बहुधा अॅल्युमिनियमची. काठी उभी करून होडी ढकलत नेताना सगळ्यांची नजर खाली चाकाकडे असते, वर कुणीच बघत नाही. तार दिसली तर तो काठ बाद, कितीही सुंदर असला तरी.

पाण्याच्या आतही जुनी गावं आहेत. पळसदेवच्या देवळाचं शिखर पाणी उतरलं की वर येतं, ते बघायला गर्दी होते. पण न दिसणाऱ्या भिंती, बाभळीची खोडं, विहिरींचे कठडेही आत आहेत. कुठे काय आहे हे मासेमारांना पाठ असतं. इथूनच मला वाटतं तुमच्या मेळाव्याची खरी आखणी सुरू व्हावी. पाहुण्यांना निरोप धाडण्याआधी काठावरच्या मासेमारांकडे जा, चहा घ्या, कुठे जाळी लावलीत ते विचारा. जाळ्याची खूण म्हणजे थर्माकोलचा तुकडा नाहीतर प्लास्टिकची बाटली, उन्हात शिडाखालून दिसत नाही. सेंटरबोर्ड आणि सुकाणू दोन्ही त्यात अडकतात, आणि जाळं फाटलं तर एखाद्या घराचं त्या दिवसाचं उत्पन्न गेलं. समुद्रावरच्या नियमांतही मासेमारी करत असलेल्या नावेला शिडाच्या होडीनं वाट द्यायची असते. आपण हौशी, ते पोटासाठी पाण्यावर. इंजिनाच्या दोन नावा त्यांच्याकडूनच दोन दिवस भाड्यानं घ्या, डिझेल आणि दिवसाची मजुरी वेगळी द्या, आणि त्यांनाच बचावाचं काम सोपवा. शहरातून आणलेल्या पोहणाऱ्यापेक्षा या पाण्यावर त्यांचा डोळा तयार असतो.

बचाव म्हटल्यावर वाऱ्याकडे येतो. २१ मे २०२४ ला कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही गावात 'होड्यांचा मेळावा' म्हणालात की पहिली आठवण तीच निघेल, आणि ती निघाली पाहिजे. वळवाच्या दिवसांत इथलं आभाळ पाऊण तासात बदलतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये, पाणी असलं तरी, मी कुणाला मेळाव्याला बोलावणार नाही.

हिवाळ्यातला वारा त्या मानानं सज्जन. सकाळी जवळजवळ नसतो, बहुतेकदा अकराच्या सुमारास जागा होतो, दुपारी बरा लागतो, सूर्य कलला की पडतो. मुंबई बंदरात भरती-ओहोटी बघून निघावं लागतं, इथे ती भानगड नाही. पण समुद्रासारखा ठरलेल्या वेळेचा, ठरलेल्या दिशेचा वाराही नाही. काठ निवडताना एवढं पाहा की वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल तर निघणं सोपं, पण काही मोडलं तर होडी थेट मधे वाहत जाते. पाण्याकडून काठाकडे वाहत असेल तर निघताना दमछाक, पण परत येणं आपोआप. नवखे जास्त असतील तर मी दुसरा पत्करतो. नाहीतर भाड्याच्या नावा सतत मधे उभ्या ठेवा.

परवानग्या थोडक्यात: पाणी जलसंपदा विभागाचं, त्यांच्याकडे लेखी अर्ज, तहसीलदार आणि स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र, ग्रामपंचायतीला तोंडी नको, लेखीच. सगळ्या पत्रांत 'प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट' हे वाक्य असू द्या, आणि ते खरंही असू द्या. काठावर बसलेल्या पोरांसाठीसुद्धा चार जास्तीची आणा, कारण ती 'एक चक्कर मारा की ओ' म्हणणार आणि तुम्ही नाही म्हणू शकणार नाही.

आता प्रत्यक्ष शनिवार-रविवार. अशा मेळाव्यात शीड उभारून पाण्यावर असण्यापेक्षा लोक काठावर जास्त वेळ असतात, आणि ते वाईट नाही. सकाळी वारा नसताना एकमेकांच्या होड्यांभोवती फिरायचं, कुणी फायबरची चीर कशी बुजवली, कुणी काठीच्या तारा कुठून आणल्या, कुणाची दोरी उन्हानं कडक झाली, यावर तासन्‌तास बोलायचं. सोलापुरात होडीचा सुटा भाग मिळत नाही. तो असा हातोहातच मिळतो. म्हणून निरोपातच लिहा की घरात पडलेल्या जास्तीच्या कप्प्या, शॅकल (जोडायच्या कड्या), जुनी शिडं घेऊन या. पहिल्या दिवशी शर्यत ठेवू नका. नुसतं फिरा, आणि प्रत्येकाला काठाजवळ मुद्दाम एकदा होडी उलटवून सरळ करायला लावा. सेंटरबोर्डवर उभं राहून वजन टाकलं की ती उठते, पण हे ऐकून माहीत असणं वेगळं आणि जाड कपड्यांत, गार पाण्यात करणं वेगळं. तोंड मिटून करा, एवढं सांगून ठेवतो. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी शेवटी इथेच येतं आणि पाण्याचा हिरवा रंग काही निसर्गशोभा नव्हे. जलपर्णीचे पुंजके दिसले तर त्यांना वळसा घाला. सुकाणूत गुंतले की होडी वळत नाही.

रविवारी शर्यत. तुमची एंटरप्राइज, कुणाची लेझर, एखाद्या मुलाची ऑप्टिमिस्ट, सगळ्या एका रांगेत. मग न्याय कसा करायचा? त्यासाठी इंग्लंडात पोर्ट्समथ आकड्यांची पद्धत आहे, छोट्या मेळाव्याला ती छान पुरते. प्रत्येक जातीच्या होडीला एक आकडा असतो, हळू होडीला मोठा. लागलेल्या वेळेला हजारानं गुणायचं आणि त्या आकड्यानं भागायचं. समजा लेझरचा आकडा ११०० धरला आणि ऑप्टिमिस्टचा १६००. लेझर ५५ मिनिटांत आली आणि ऑप्टिमिस्ट ८० मिनिटांत, तर दोघांचा हिशोबी वेळ ५० मिनिटं, म्हणजे बरोबरी; ज्याचा कमी तो जिंकला. बारा वर्षांच्या पोरीनं तिच्या बापाला असं हरवलं की जेवणाला रंग चढतो. सुरुवातीचा इशारा पाच मिनिटं आधी, मग चार, मग एक, मग सुटा. शिट्टी चालते, झेंडे नसले तरी बिघडत नाही. नियम एकच घोटून घ्या: वारा उजव्या बाजूनं घेणाऱ्या होडीला डाव्या बाजूनं घेणाऱ्यानं वाट द्यायची. बाकीचे नियम जेवताना भांडून ठरतात.

शर्यत तीनच्या आत आटपा. ट्रेलर ओढत परतताना रस्त्यावर उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, गाळपाचा हंगाम ऐन भरात असतो आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. अंधार पडायच्या आत महामार्ग गाठलेला बरा. हैदराबादकरांना तर पुढे सोलापूर ओलांडूनही तीनशे किलोमीटर जायचं असतं.

एवढा पसारा पहिल्याच वर्षी नको वाटत असेल तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव बघा. १८७१ मध्ये पूर्ण झालेला, शहराच्या दाराशी, चांगला पाऊस झालेल्या वर्षी भरलेला. चार-पाच डिंग्यांना पुरतो, संध्याकाळी घरी जाऊन झोपता येतं. पण पुण्याहून कुणी त्यासाठी ट्रेलर जोडणार नाही, हेही खरं.

जेवणाचं मात्र बाहेरून मागवू नका. जानेवारीत काठावरच्या एखाद्या शेतात हुरडा ठरवा, आणि होडीत न्यायला कडक भाकरी व शेंगाचटणी. कडक भाकरीला भिजल्याशिवाय दोन दिवसांत काही होत नाही, चटणीला डबा पुरतो. दही तेवढं काठावरच ठेवा.

निरोप ऑक्टोबरात धाडा, तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टक्केवारी बघून पक्की करा. काठ बघायला जाणार असाल तर सांगा, मीही येतो. वांगीच्या बाजूला दोन उतार माझ्या मनात आहेत, पण यंदा तिथे नवीन तारा ओढल्यात की नाही ते जाऊनच कळेल.