प्रकटीकरणातल्या कोकऱ्याला सात शिंगं आणि सात डोळे का?

प्रकटीकरण हे बायबलमधलं शेवटचं पुस्तक, आणि त्यातला कोकरा म्हणजे येशू. हे वर्णन चित्रासारखं डोळ्यांसमोर आणलं, की भीतीच वाटते. पण हे पुस्तक लिहिणारा योहान इथे दिसणं सांगत नाही, अर्थ सांगतोय. शिंग म्हणजे सामर्थ्य. जुन्या करारातल्या (बायबलच्या पहिल्या भागातल्या) दानीएलाच्या पुस्तकात, ७व्या आणि ८व्या अध्यायांत शिंगं म्हणजे राजे आणि त्यांची सत्ता. सात हा पूर्णत्वाचा आकडा. म्हणजे सात शिंगं हे पूर्ण सामर्थ्य. डोळ्यांचा अर्थ तर त्याच वचनात (५:६, म्हणजे अध्याय ५, वचन ६) दिलाय: पृथ्वीवर पाठवलेले देवाचे सात आत्मे. त्यामागे जुन्या करारातलंच जखऱ्या ४:१० आहे, तिथे परमेश्वराचे सात डोळे सगळ्या पृथ्वीवर फिरतात.

मला मात्र त्याआधीचं वचन जास्त मोलाचं वाटतं. स्वर्गातल्या वडीलजनांपैकी एक जण योहानाला सांगतो, यहूदा वंशाचा सिंह विजयी झालाय. योहान बघतो, तर समोर कोकरा, आणि तोही वधलेला! ऐकला सिंह, दिसला कोकरा. विजय कसा मिळाला, ते या एका बदलात येतं. इथे घाईने पुढे जाऊ नका, दोन्ही वचनं लागोपाठ हळू वाचा.

अर्थ लावताना आधी त्याच पुस्तकात उत्तर शोधा. १:२० मध्ये सात समया म्हणजे सात मंडळ्या (ख्रिस्ती समुदाय), असं सरळ सांगितलंय. तिथे नसेल तर जुन्या करारात जा. आजच्या बातम्यांतली नावं शिंगांना चिकटवणं मला अजिबात पटत नाही. हे पुस्तक पहिल्यांदा रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सात मंडळ्यांनी वाचलं, त्यांनाही ते कळायला हवं होतं.