चीनची वांडा कंपनी एवढी मोठी कशी झाली, आणि परदेशात घेतलेलं सगळं तिने विकलं का? भारतातही येणार होती ना?

बांधकाम प्रकल्पांना कर्ज द्यायचं की नाही, त्याची कागदपत्रं तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे वांडा म्हटलं की थिएटरांच्या आधी पैसा आला कुठून हेच डोक्यात येतं. माझ्या मते ती शेवटपर्यंत फ्लॅट विकणारी कंपनी राहिली. बाकीचा सगळा डोलारा बुकिंगच्या पैशावर उभा होता.

वांडाचे संस्थापक वांग जियानलिन पंधराव्या वर्षी सैन्यात गेले, 1986 मध्ये बाहेर पडून दालियान या बंदराच्या शहरात सरकारी नोकरीला लागले आणि 1988 च्या सुमारास तिथलीच एक कर्जात बुडालेली गृहनिर्माण कंपनी त्यांनी हातात घेतली. पहिलं मोठं काम म्हणजे जुन्या वस्तीचा पुनर्विकास. ते स्वतः सांगतात की खर्च चौरस मीटरला 1200 युआन येत होता आणि शहरातला चढा भाव 1100 होता. म्हणजे धंदा तोट्याचाच. मग त्यांनी बैठकीच्या खोलीला खिडकी दिली, अॅल्युमिनियमच्या चौकटी आणि सेफ्टी डोअर बसवले, आणि प्रत्येक फ्लॅटला स्वतःचं न्हाणीघर दिलं, जे तेव्हा फक्त वरच्या अधिकाऱ्यांच्या घरात असायचं. फ्लॅट 1600 च्या भावाने हातोहात गेले.

2000 नंतर मॉल आले. सुरुवातीच्या मॉलमध्ये वांडाने गाळे सुटे करून विकले आणि तिथेच फसली. शेनयांग शहरात धंदा चालेना, गाळेवाले रस्त्यावर उतरले, कोर्टकचेऱ्या दोनशेच्या वर गेल्या. शेवटी गाळे परत विकत घेऊन ती इमारतच पाडावी लागली. (आमच्या काकांनी पुण्याच्या एका उपनगरात असाच गाळा घेतला होता. वर्षानुवर्षं शटर बंद, मेंटेनन्सचं बिल मात्र न चुकता. शेनयांगच्या गाळेवाल्यांचं दुःख मला लगेच कळलं.)

या ठेचेतून पुढचं गणित आलं. मॉल विकायचा नाही, भाड्याने द्यायचा, आणि भाडेकरू बांधकामाआधीच ठरवायचे. मॉलच्या भोवती फ्लॅट आणि ऑफिसं बांधून ती विकायची आणि त्या पैशात मॉल उभा करायचा. नगरपालिकांना गावात झगमगाट हवाच होता, त्यामुळे जागा स्वस्तात मिळे. पुढे तो मॉल तारण ठेवून नवं कर्ज काढता येई. चक्र छान फिरतं, फक्त फ्लॅट विकले जात राहायला हवेत.

परदेशातली खरेदी 2012 मध्ये सुरू झाली. अमेरिकेतली एएमसी ही थिएटरांची साखळी 2.6 अब्ज डॉलरला, मग ब्रिटनची सनसीकर ही यॉट बनवणारी कंपनी, आत्लेतिको माद्रिद या फुटबॉल क्लबचा 20 टक्के हिस्सा, आयर्नमॅन ही पोहणं-सायकल-धावणं यांची स्पर्धा भरवणारी कंपनी, आणि 2016 मध्ये हॉलिवूडची लेजेंडरी ही सिनेमे बनवणारी कंपनी 3.5 अब्ज डॉलरला. माद्रिदमधली एदिफिसियो एस्पान्या ही 1953 ची इमारत 2014 मध्ये 26.5 कोटी युरोला घेतली. तिचा दर्शनी भाग सुटा करून परत बसवायचा वांडाचा बेत होता. वारसा इमारतीला असा हात लावायला पालिका तयार होईना, आणि 2017 मध्ये वांडाने ती विकून टाकली.

यातला बराच पैसा कर्जाचा होता, देशातल्या मालमत्तेच्या हमीवर बाहेर उचललेला. त्याच काळात चीनची परकीय गंगाजळी 4 लाख कोटी डॉलरच्या आसपासून 3 लाख कोटींच्या खाली आली. त्यामुळे थिएटरं आणि क्लब घेणाऱ्यांकडे बीजिंगचं लक्ष जाणारच होतं. जून 2017 मध्ये बँकांना वांडा आणि तिच्यासारख्याच परदेशात खरेदी करणाऱ्या एचएनए, फोसुन, आनबांग या चिनी कंपन्यांची कर्जं तपासायला सांगितलं गेलं. ऑगस्टमध्ये परदेशातली हॉटेलं, सिनेमा, क्लब यांतल्या गुंतवणुकीवर सरकारने उघड निर्बंध घातले.

मधल्या जुलै महिन्यातला प्रसंग मी सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. वांडाने 13 पर्यटन प्रकल्प आणि 76 हॉटेलं सुनाक या चिनी बांधकाम कंपनीला विकायचं जाहीर केलं. त्या व्यवहारात खरेदीदाराला लागणारं 29.6 अब्ज युआनचं कर्ज बँकेमार्फत विकणाराच मिळवून देणार होता! असं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी फाइल तिथेच मिटली असती. पुढे ते कलम गळालं आणि हॉटेलांसाठी आर अँड एफ ही तिसरी कंपनी आली. 19 जुलैला बीजिंगमध्ये सह्यांच्या कार्यक्रमात मंचामागच्या फलकावर आधी तिघांची नावं होती. मग फलक बदलला, आर अँड एफ गायब. थोड्या वेळाने पुन्हा तिघांचा. पत्रकार तासभराहून जास्त ताटकळले. अखेर 77 हॉटेलं 19.9 अब्ज युआनला गेली. सुनाकने आधी जवळपास तेवढ्याच हॉटेलांना 33.6 अब्ज कबूल केले होते.

नंतर बाकीचंही एकेक करून गेलं: लंडन, शिकागो, बेव्हर्ली हिल्सच्या जागा, आत्लेतिको, 2020 मध्ये आयर्नमॅन, 2021 पर्यंत एएमसीचे जवळपास सगळे शेअर. तरी लवकर विकल्याचा फायदाच झाला असं मला वाटतं. 2021 मध्ये एव्हरग्रांड ही चीनची बडी बांधकाम कंपनी बुडू लागली, 2022 मध्ये खरेदीदार सुनाकच कर्जफेड चुकवून बसली, तेव्हा वांडा निदान उभी होती. पण देशातला धंदाही तिच्या हातात फारसा राहिलेला नाही. 2024 मध्ये मॉल चालवणाऱ्या कंपनीचा 60 टक्के हिस्सा पीएजी ही गुंतवणूक कंपनी आणि इतर गुंतवणूकदारांकडे गेला, आणि 2025 मध्ये आणखी 48 मॉल विकायला मंजुरी मिळाली.

भारताचं म्हणाल तर जानेवारी 2016 मध्ये हरियाणा सरकारशी 10 अब्ज डॉलरच्या औद्योगिक नगरीचा सामंजस्य करार झाला होता. जागा होती सोनिपतजवळच्या खरखोद्याच्या बाजूला. करार कागदावरच राहिला. त्या खरखोद्यात आज मारुतीच्या गाड्या बनतात.