वाचकांचे प्रश्न: मेपलच्या रसासाठी घरगुती आरओ

व्हरमाँट, न्यू यॉर्क, ओंटारिओ आणि क्वेबेकमधल्या वाचकांनी मेपल सिरपबद्दल बरेच प्रश्न पाठवले आहेत. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर तापमान, हा रस वाहण्याचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो. त्यामुळे या वेळचा सगळा स्तंभ आरओलाच दिला आहे. आरओ रसाला मेम्ब्रेन नावाच्या बारीक पडद्यावर दाबतो; पाणी पलीकडे जातं, साखर अलीकडे राहते आणि सिरपसाठी आटवायचं पाणी कमी होतं.

प्रश्न: आमच्या जागेत शुगर मेपलची चाळीसेक झाडं आहेत. रस आटवताना लाकूड अफाट जळतं. घरगुती आरओ जोडून रस आधीच दाट केला तर खरंच किती वाचतं? १२ टक्क्यांपर्यंत नेता येईल का?

१२ चा नाद सोडा, ४ टक्क्यांवर थांबा. कारण आकड्यांतच आहे. एक लिटर सिरपला किती लिटर रस लागेल, हे काढायला ८६ ला रसाच्या साखरेच्या टक्क्यांनी भागतात. २ टक्क्यांच्या रसाला ४३ लिटर, ४ टक्क्यांच्या रसाला २१.५, ६ टक्क्यांना सुमारे १४.३ आणि ८ टक्क्यांना १०.७५. म्हणजे पहिल्या दुपटीत एक लिटर सिरपमागे साडेएकवीस लिटर पाणी आटवायचं वाचतं. चारावरून सहावर जाताना आणखी फक्त सातेक लिटर, आणि सहावरून आठवर साडेतीन. मोठा फायदा पहिल्याच टप्प्यात पदरात पडतो.

दुसरीकडे अडचण वाढत जाते. साखरेचं पाणी मेम्ब्रेनवर उलटा दाब आणतं, त्याला ऑस्मोटिक दाब म्हणतात. २ टक्क्यांना तो साधारण २० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब), ४ टक्क्यांना ४०, तर ८ टक्क्यांना ८० च्या पुढे असतो. घरगुती मेम्ब्रेनच्या डब्या बहुधा १२५ पीएसआयपर्यंतच्याच असतात आणि छोटा पंप १०० च्या आसपास दाब देतो. आठ टक्क्यांच्या रसातून पाणी ढकलायला मग हाताशी दाबच उरत नाही. मोठे उत्पादक याहून बरंच पुढे जातात, पण त्यांची यंत्रं कित्येक पटींनी जास्त दाबावर चालतात.

प्रश्न: कोणते भाग घ्यायचे आणि कसे जोडायचे? स्वयंपाकघरातला तयार आरओच वापरला तर?

तयार आरओ जसाच्या तसा चालणार नाही. त्यातले कार्बन फिल्टर, साठवणीची टाकी, आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह आणि सांडपाण्याच्या नळीतला प्रवाह रोखणारा छोटा फ्लो रिस्ट्रिक्टर, हे सगळं काढावं लागतं. रसात क्लोरीन नसतं, म्हणून कार्बनचं तिथे काही कामच नाही. रिस्ट्रिक्टर ठेवला तर त्या नळीतून येणाऱ्या सांद्र, म्हणजे दाट झालेल्या, रसाचा प्रवाह तुमच्या ताब्यात राहत नाही.

चाळीस झाडांना १५० जीपीडीची तीन मेम्ब्रेन घ्या. जीपीडी म्हणजे दिवसाला इतके गॅलन. १५० जीपीडी म्हणजे कागदावर तासाला सुमारे २४ लिटर, पण तो आकडा २५ अंश सेल्सिअसच्या साध्या पाण्याचा असतो. तापमान एक अंशाने उतरलं की प्रवाह साधारण ३ टक्क्यांनी घटतो आणि साखरेचा उलटा दाब वेगळाच. ४ अंशांच्या रसात एका मेम्ब्रेनमागे तासाला ८ ते १२ लिटर पाणी निघेल, असा हिशेब धरा. तीन मेम्ब्रेन मिळून ३० लिटर धरले, तर १५० लिटर रस निम्म्यावर यायला अडीच तास लागतील.

पंप ३०० ते ४०० जीपीडीच्या यंत्रांसाठी मिळतो तो डायफ्रॅम बूस्टर घ्या. १०० पीएसआयला मिनिटाला एक ते दीड लिटर देईल इतपत हवा. १०० जीपीडीच्या यंत्राचा पंप तीन मेम्ब्रेनना अपुरा पडतो.

मांडणी अशी: रसाची टाकी उंचावर, तिच्याखाली ५ मायक्रॉनचा गाळणी फिल्टर, मग पंप, मग तीन मेम्ब्रेन ओळीने. फिल्टर पंपाच्या आधीच हवा, कारण त्याचं प्लास्टिकचं भांडं पंपाच्या दाबाखाली फुटू शकतं. टाकी उंच असली की पंपाला फिल्टरमधून रस ओढावा लागत नाही. पहिल्या मेम्ब्रेनमधून निघालेला दाट रस दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात. पाण्याच्या तिन्ही नळ्या मात्र एकत्र करून उघड्या बादलीत सोडा, त्यांवर कुठेही नळ किंवा अडथळा नको. ओळीने जोडण्याचं कारण असं, की प्रत्येक मेम्ब्रेन पाण्याचा थोडाच भाग काढून घेतं आणि त्याच्या पृष्ठभागावरून रस वेगाने वाहत राहतो. हा वेग मंदावला की साखर आणि खनिजं पडद्यापाशी साचतात.

तिसऱ्या मेम्ब्रेनच्या पुढे, सांद्र रसाच्या नळीवर, आधी दाबमापक आणि त्याच्यापुढे स्टेनलेस स्टीलचा नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे प्रवाह बारकाईने कमीजास्त करणारा नळ, बसवा. बाकी सगळीकडे खाद्यपदार्थांना चालणाऱ्या पाव इंची नळ्या आणि पुश-फिट जोड. जुने पितळी नळ लावू नका, त्यांत शिसं असू शकतं. पंपाला वीज जिथून घेता ते सॉकेट जीएफसीआयचंच, म्हणजे वीज गळली की लगेच बंद होणारं, हवं. जमीन ओली असते आणि हातही.

मेम्ब्रेन डबीत सरकवताना दोन छोट्या ओ-रिंग असलेलं टोक आत जातं आणि रबरी पट्टीचं टोक झाकणाकडे राहतं. ओ-रिंगना थोडं पाणी लावा आणि शेवटपर्यंत दाबून बसवा. नव्या मेम्ब्रेनमध्ये जतनाचं द्रव्य असतं, म्हणून आधी २० ते ४० लिटर क्लोरीनविरहित पाणी सोडून फेकून द्या, नाहीतर त्याची चव सिरपमध्ये उतरते.

प्रश्न: व्हॉल्व्ह किती आवळायचा, हे कसं ठरवायचं?

दोन मोजपात्रं आणि घड्याळ पुरे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून पंप सुरू करा, आत अडकलेली हवा निघून जाऊ द्या आणि मग हळूहळू आवळत दाब ८० ते १०० पीएसआयवर आणा. मिनिटभर दोन्ही नळ्यांचा प्रवाह मोजा. पाणी आणि सांद्र रस सारखे भरत असतील, तर साखर दुप्पट झाली. पाणी रसाच्या दुप्पट येत असेल, तर तिप्पट. १०० च्या खालीच सारखा प्रवाह मिळाला तर दाब आणखी चढवू नका. व्हॉल्व्ह पूर्ण बंद तर कधीच करू नका. थांबताना आधी व्हॉल्व्ह उघडा, मग पंप बंद करा.

तोच रस टाकीत परत परत फिरवण्याची सवय लावू नका. पंपाच्या उष्णतेने तो कोमट होतो आणि जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं. सांद्र रस साध्या रसापेक्षा लवकर बिघडतो, म्हणून त्याच दिवशी उकळा आणि तोवर ४ अंशांच्या खाली ठेवा.

प्रश्न: आरओतून वेगळ्या निघालेल्या पाण्यात टीडीएस मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. म्हणजे साखर वाया जात नाही ना?

त्यावरून तसं म्हणता येत नाही. टीडीएस मीटर विजेची वाहकता मोजतो आणि साखर वीज वाहत नाही. त्यासाठी प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणून वापरा, शिवाय पाणी चाखून पाहा. वाचन ०.० च्या आसपास हवं. अर्ध्या ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे साखरेचे टक्के) गेलं, तर तिन्ही पाण्याच्या नळ्या सुट्या करून एकेक तपासा. दोषी बहुधा कापलेली किंवा अर्धवट बसलेली ओ-रिंग असते. ती ठीक असेल, तर मेम्ब्रेन थंडीत गोठून फाटलं असावं. म्हणून रात्री यंत्र गरम खोलीत ठेवावं. गोठलेल्या मेम्ब्रेनवर इलाज नाही.

प्रश्न: हंगामाच्या मध्यावर पाण्याचा प्रवाह निम्म्यावर आला. मेम्ब्रेन संपलं का?

आधी तापमान पाहा. रस १३ अंशांवरून ४ वर आला असेल, तर पाव प्रवाह तेवढ्यानेच कमी होतो. मग ५ मायक्रॉनचा फिल्टर पाहा, बुळबुळीत झाला असेल तर बदला. त्यानंतरच मेम्ब्रेनवर संशय घ्या. नेमकं कळावं म्हणून नवं असतानाच स्वच्छ पाणी, ठराविक दाब आणि ठराविक तापमान यांवर प्रवाह मोजून लिहून ठेवावा. तशाच मोजणीत १५ टक्के घट दिसली की धुवायची वेळ झाली.

रोज काम संपल्यावर साठवलेलं आरओचंच पाणी, वीसेक लिटर, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून सोडा. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी किंवा ब्लीच अजिबात नको. आजकालच्या मेम्ब्रेनचा पातळ थर क्लोरीनने खराब होतो आणि पुन्हा दुरुस्त होत नाही.

मोठ्या धुण्यात आधी अल्कली, मग आम्ल. हा क्रम उलटा करू नका, कारण आधी आम्ल दिलं तर जिवाणूंचा चिकट थर घट्ट बसू शकतो. मेम्ब्रेनसाठीचा अल्कली साबण उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात आरओच्या ३५ अंशांपर्यंतच्या पाण्यात मिसळून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून अर्धा तास फिरवा, तासभर मुरू द्या आणि पीएच पट्टी उदासीन दाखवेपर्यंत खळबळा. मग खनिजांसाठी सायट्रिक आम्ल, लिटरला २० ग्रॅम, त्याच पद्धतीने. हातमोजे आणि चष्मा घाला. दोन्ही द्रावणं एकमेकांत मिसळू नका.

प्रश्न: सांद्र रसाचा पहिलाच घाणा करपला. असं का झालं?

तुमचं पातेलं तासाला २० लिटर पाणी आटवत असेल, तर २ टक्क्यांच्या रसातून तासाला अर्धा लिटरपेक्षा थोडं कमी सिरप होतं, ४ टक्क्यांच्या रसातून जवळपास एक लिटर. शेवटचा टप्पा दुप्पट वेगाने येतो आणि जुन्या अंदाजाने चालणारा माणूस गाफील राहतो. पातेल्यात रसाची पातळी नेहमीपेक्षा जास्त ठेवा आणि थर्मामीटरवर आधीपासून नजर ठेवा. त्या दिवशी पाणी जिथे उकळतं, त्याच्यावर ४ अंश आले की सिरप तयार होत आलं. शेवटचा निर्णय सिरपची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा. अमेरिका आणि कॅनडात किमान ६६ ब्रिक्स चालतात, व्हरमाँटमध्ये ६६.९ लागतात.

प्रश्न: हंगामानंतर मेम्ब्रेन कसं ठेवायचं?

दोन्ही धुणी करून, आरओच्या पाण्यात लिटरला १० ग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट विरघळवा. मेम्ब्रेन त्यात बुडवून, झाकण घट्ट लावून, फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको. महिन्यातून एकदा पीएच बघा, ३ च्या खाली गेला की द्रावण बदला. पुढच्या वर्षी वापरण्याआधी नव्या मेम्ब्रेनसारखंच भरपूर पाणी सोडा आणि लिहून ठेवलेल्या प्रवाहाशी ताडून पाहा. धुऊनही फारच कमी येत असेल, तर या आकाराचं नवं मेम्ब्रेन घेणंच परवडतं.